पाठवणीची चाल

तुळशीचे लग्न लागले की खानदेशात बँडवाल्यांचे दिवस सुरू होतात. शहादा, तळोदा, दोंडाईचा, शिरपूर, सीमेपलीकडचे खेतिया आणि सेंधवा, जिथून सुपारी येईल तिथे ही मंडळी टेम्पोत दाटीवाटीने बसून जातात. कोटावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच काळवंडलेली असते, पायांत वहाणा असतात, पण वरात निघाली की त्यांच्या अंगात वारे भरते. त्या पथकात एक वाद्य असे असते की लहान मुलांचे डोळे आपोआप त्याच्याकडे वळतात. वादक पितळेची लांबलचक नळी पुढे ढकलतो, मागे ओढतो, पुन्हा पुढे ढकलतो. पुढे नाचणारे एखादे पोर दचकून बाजूला होते आणि लोक हसतात. हे वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. वसईत लहानाचा मोठा होताना मी ते लग्नात पाहिले, सणाच्या मिरवणुकीत पाहिले, आणि मुलांच्या करमणुकीसाठीच कुणीतरी ते शोधून काढले असावे अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

ती समजूत पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिकत असताना मोडली. १९९२ सालचा २ नोव्हेंबर होता, सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. उपासना-संगीत शिकवणाऱ्या वृद्ध धर्मगुरूंनी आम्हा सात-आठ विद्यार्थ्यांना संध्याकाळी आपल्या खोलीत बोलावले. टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर होता. “आधी ऐका, मग बोलू,” एवढेच म्हणून त्यांनी कळ दाबली.

चार ट्रॉम्बोन. दुसरे काही नाही. ढोल नाही, तंतुवाद्य नाही, गायक नाही. आवाज इतका हळुवार की ही तीच वरातीतली नळी आहे यावर माझा विश्वास बसेना. आपला कान एका सुरावटीच्या मागे जायला सरावलेला असतो. इथे चार सुरावटी एकमेकींचा हात धरून एकाच वेळी सावकाश चालत होत्या, आणि कुणी कुणाच्या पुढे जात नव्हते. घरात कुणी गेल्यावर चार वडीलधारी माणसे ओसरीवर येऊन बसतात, फारसे बोलत नाहीत, पण त्यांच्या बसण्यानेच घराला आधार वाटतो. मला तसे वाटले. एकापाठोपाठ एक असे तीन लहान तुकडे होते आणि सारे मिळून सहा मिनिटांच्या आतबाहेर संपले. त्या रात्री मी वहीत लिहिले: बीथोव्हेन, तीन एक्वाले, लिंत्स, २ नोव्हेंबर १८१२.

‘एक्वाले’ या शब्दाचा अर्थ साधा आहे: समान आवाजांसाठी केलेली रचना. एकाच कुळातली वाद्ये, सर्वांना सारखा मान. ऑस्ट्रियात सर्व मृतांच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यावरून असे एक्वाले वाजवण्याची प्रथा होती. अंत्ययात्रेतही ते वाजत. १८१२ च्या ऑक्टोबरात बीथोव्हेन डॅन्यूबकाठच्या लिंत्स शहरात आपला धाकटा भाऊ योहान याच्याकडे उतरला होता. आठवी सिंफनी त्याने तिथेच पुरी केली. पण तो काही केवळ संगीतासाठी आला नव्हता. योहानच्या घरात तेरेझे ओबरमायर नावाची स्त्री राहत होती आणि ते संबंध मोडण्यासाठी हा थोरला भाऊ बिशपांपर्यंत आणि पोलिसांपर्यंत गेला होता. (लग्न मोडायला निघालेले नातेवाईक आम्हा धर्मगुरूंना नवे नाहीत.) व्हायचे तेच झाले. ८ नोव्हेंबरला योहानने तिच्याशी रीतसर विवाह केला. त्या भांडणाच्या आठवड्यांतच लिंत्सच्या कॅथीड्रलचे संगीतप्रमुख फ्रांत्स क्साव्हर ग्लॉग्ल यांनी बीथोव्हेनला मृतांच्या दिवसासाठी एक्वाले लिहून मागितले. इथे अंत्ययात्रेत ते कसे वाजवतात ते आधी ऐकायचे आहे, असे बीथोव्हेन म्हणाला. तेव्हा ग्लॉग्ल यांनी आपले ट्रॉम्बोनवादक घरी बोलावून त्याला ते ऐकवले. ही आठवण ग्लॉग्ल यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवली आहे.

त्या तीन तुकड्यांचे पुढे काय झाले, तेही सरांनी सांगितले. २६ मार्च १८२७ रोजी बीथोव्हेन वारला. अखेरचे साक्रामेंत त्याने दोन दिवस आधी स्वीकारले होते. २९ मार्चला व्हिएन्नात त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्याच्याच पहिल्या आणि तिसऱ्या एक्वालेला सायफ्रीड नावाच्या संगीतकाराने ‘मिझेरेरे’ या पश्चात्तापाच्या स्तोत्राचे शब्द लावले होते. रस्त्याने चालताना आळीपाळीने पुरुषांचा गायकवृंद गात होता आणि चार ट्रॉम्बोन वाजत होते. मशाली धरणाऱ्यांत शूबर्ट होता. पंधरा वर्षांपूर्वी एका परक्या गावातल्या मृतांसाठी लिहिलेले संगीत लिहिणाऱ्याच्याच शवपेटीपुढे वाजले.

ट्रॉम्बोनला हा मान मिळाला त्याची कारणे वाद्याच्या घडणीतच आहेत. त्याला बटणे नसतात की पडदे नसतात. इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली नळी आतबाहेर सरकवायची. ती जितकी लांबेल तितका स्वर खाली उतरतो. सात स्थाने मानलेली आहेत आणि दर स्थानाला स्वर अर्ध्या सुराने उतरतो. पण नळीवर ती स्थाने कुठेही खोदलेली नसतात, ती वादकाच्या कानात असतात. गळ्यातून सूर काढण्यासारखेच ते आहे. मींड घेता येते, बारीकसा फरक करून बरोबरच्या सुराशी नेमके जुळता येते. पंधराव्या शतकात हे वाद्य आकाराला आले आणि पुढची दोन-तीन शतके युरोपातल्या चर्चमध्ये गायकांच्या आवाजाला आवाज देत उभे राहिले. शिवाय त्याला पवित्र शास्त्राचाही एक धागा आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृतांना उठवणारा शेवटचा कर्णा आहे. मराठीत आपण कर्णा म्हणतो. लूथरच्या जर्मन भाषांतरात तिथे जो शब्द आला, तोच आजही जर्मन भाषेत ट्रॉम्बोनचे नाव आहे. मोझार्टने १७९१ मध्ये अपुऱ्या ठेवलेल्या मृतांसाठीच्या मिस्सेत या कर्ण्याचे कडवे येते, तेव्हा एकटा ट्रॉम्बोन पुढे होऊन सुरुवात करतो.

हे सारे मी मन लावून शिकलो. त्याच वर्षी आम्ही चर्चचे संगीतविषयक नियमही शिकलो. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, दिलेल्या आदेशात पियानो, ढोल, झांजा ही वाद्ये चर्चमध्ये वर्ज्य ठरवली आणि बँडला सक्त मनाई केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये दार बरेच उघडले, लोकांच्या परंपरेला मान दिला. पण १९६७ च्या सूचनापत्राने पुन्हा बजावले की जी वाद्ये सर्वसामान्य समजुतीप्रमाणे केवळ लौकिक संगीतालाच शोभतात, ती उपासनेपासून दूर ठेवावीत. परीक्षेत मी हे कलमांच्या क्रमांकांसह लिहिले आणि चांगले गुण मिळवले.

आता ब्राह्मणपुरीकडे येतो.

शहादा तालुक्यातले हे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, भोवती ऊस, केळी, पपई, कापूस. पस्तिशी ओलांडली तेव्हा माझी या भागात नेमणूक झाली. महिन्यातून एकदा मी ब्राह्मणपुरीला एका कुटुंबाच्या ओसरीत ख्रिस्तयाग अर्पण करीत असे. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले, उसाच्या कामामागे इकडे येऊन स्थिरावलेले. घरातल्या म्हाताऱ्याला सारे गाव ‘बाबा’ म्हणे. पावसाळ्यात शेतमजुरी आणि लग्नसराईत बँड, असे त्यांचे चाळीसेक वर्षे चालले होते. बँडमध्ये ते ट्रॉम्बोन वाजवत. ट्रॉम्बोन मेरठचा होता, जिथल्या जली कोठी भागातून देशभरच्या बँडपथकांना वाद्ये जातात. घरी तो खाटेखाली असे, आजींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. बाबांच्या वरच्या ओठावर मुखनळीचा गोल वळ कायमचा उमटलेला होता.

एकदा ख्रिस्तयागानंतर चहा पिताना त्यांनी मला विचारले, “फादर, आपल्या चर्चमधी हे वाजवत्यात का कुठं?”

मी हसलो. “बाबा, हे वरातीचं वाद्य,” मी म्हणालो.

तेही हसले. त्या वेळी माझ्या खोलीतल्या कपाटात, पुस्तकांच्या मागे, सरांनी मला उतरवून दिलेली बीथोव्हेनची कॅसेट होती. आठवण झाली नाही असे मी म्हणू शकत नाही. झाली होती. पण ते संगीत एका जगातले, हा म्हातारा दुसऱ्या जगातला, आणि त्या दोन जगांना जोडायचे कष्ट कशाला घ्यायचे, असा काहीसा विचार मनात आला आणि निघून गेला. त्याला विचार म्हणणेही जास्तच होईल.

२००९ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, बाबा गेले. दुपारी चारला दफनविधी ठरला. मी पोहोचलो तेव्हा अंगणात कडुनिंबाखाली पाच बँडवाले उभे होते. एका गावची हळद अर्धवट सोडून ते आले होते. गणवेश तोच लग्नातला, टोप्या काढून हातात धरलेल्या. त्यांचे मास्तर मुसलमान होते, क्लॅरोनेट वाजवणारे हिंदू. इतर तिघांना मी ओळखत नव्हतो.

थोरला मुलगा पुढे आला. “फादर, बाबांची लई इच्छा होती. दोस्तांनी एकदा वाजवावं म्हणून.”

मास्तर अदबीने म्हणाले, “फादरसाहेब, ढोल-ताशा काही आणला नाही. फक्त फुंकायची वाद्यं आहेत. धिम्यानं वाजवू.”

मी नाही म्हणालो. रागावून नव्हे. सौम्य पण ठाम बोलावे असे आम्हाला शिकवलेले असते, तसा बोललो. हा विधी पवित्र आहे, ही वाद्ये वरातीची आहेत, चर्चचे काही नियम आहेत, आपण सर्वजण प्रार्थनेला अवश्य या, वाद्ये मात्र इथेच राहू द्या. कुणीही वाद घातला नाही. खानदेशात पिकल्या वयात गेलेल्या माणसाला वाजतगाजत नेण्याची चाल आहे. शेजाऱ्यांना माझे बोलणे विचित्र वाटले असेल, पण तेही गप्प राहिले. पाचही जणांनी वाद्ये झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवली. बाबांचा ट्रॉम्बोन मुलाने घरातून आणला होता, तोही त्यांनी तिथेच ठेवला. दफनभूमीत ते सर्वांच्या मागे उभे राहिले. आमच्या प्रार्थना त्यांना येत नव्हत्या, तरी शेवटपर्यंत उभे होते. पहिल्या मुठीची माती त्यांनीही टाकली.

संध्याकाळी मला दुसऱ्या गावी ख्रिस्तयाग होता. लोकांचा निरोप घेऊन मी मोटारसायकलवरून निघालो. केळीच्या मळ्याजवळ वळणावर आलो तेव्हा मागून आवाज आला. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केले. तो बँडच होता. कॉर्नेट, क्लॅरोनेट, एक मोठे भोंग्याचे वाद्य आणि ट्रॉम्बोन. खरोखरच ढोल नव्हता. अतिशय संथ वाजवत होते. चाल ओळखीची वाटत होती, पण कुठली ते कळेना. स्तोत्र नव्हते, भजन नव्हते. थोड्या वेळाने उमगले. लग्नघरी अखेर मुलगी गाडीत बसायला निघते, आई दाराच्या चौकटीला धरून उभी असते, नाचणारे सारे एकदम शांत होतात, तेव्हा हे लोक एक चाल वाजवतात. तीच. त्यांच्या साऱ्या पोतडीत निरोपाची म्हणून तेवढी एकच चाल होती आणि ती त्यांनी आपल्या सोबत्याला दिली.

मी परत फिरलो नाही. किल्ली हातात घेऊन उभा राहिलो, आणि आवाज थांबल्यावर गाडी सुरू केली.

पुढच्या महिन्यात ब्राह्मणपुरीला गेलो. ख्रिस्तयागानंतर आजींनी चहाचा कप माझ्या हाती दिला आणि हळूच म्हणाल्या, “फादर, तुम्ही गेल्यावर त्यांनी वाजवलं बरं का. म्या नाही म्हणलं न्हाई. तुम्हाला राग तर नाही ना आला?”

मी “नाही, आजी,” म्हणालो आणि चहा प्यायलो. क्षमा मागायची संधी मला त्या बाईने ताटात वाढून दिली होती. ती मी घेतली नाही.

पुढे माझी बदली झाली. मध्ये बरीच वर्षे गेली. त्या काळात संगीताविषयी जे वाचायला मिळाले ते वाचत राहिलो, आणि सेमिनरीत ज्या गोष्टीचा अर्धाच भाग कानावर आला होता तिचा उरलेला भाग हळूहळू समोर आला.

पहिला धक्का नियमानेच दिला. १९०३ चा आदेश मी पुन्हा काढून पाहिला. चर्चमध्ये बँडला मनाई करणाऱ्या कलमाच्या लगेच पुढच्या कलमात म्हटले आहे की, चर्चबाहेरच्या मिरवणुकांत बिशप बँडला परवानगी देऊ शकतात, केवळ लौकिक चाली वाजवू नयेत म्हणजे झाले. दफनभूमी उघड्यावर होती. बिशपांना एक फोन करता आला असता. कोणती चाल वाजवणार, एवढे मास्तरांना विचारता आले असते. चर्चहून मी अधिक कडक झालो होतो आणि ते चर्चच्या नावाने झालो होतो.

दुसरी गोष्ट लिंत्सची. ग्लॉग्ल हे कॅथीड्रलचे संगीतप्रमुख होते, तसेच ते शहराच्या मनोरा-वादकांचेही प्रमुख होते. ऑस्ट्रियातल्या शहरांत ही एक जुनी संस्था होती. मनोऱ्यावर पहारा करायचा, वेळ वाजवून सांगायची, सणाला चर्चमध्ये वाजवायचे, आणि गावात लग्न निघाले किंवा नाच ठरला तर तिथे वाजवायचे. लग्नात वाजवण्याचा हक्क त्यांचाच असे. बाहेरच्या वादकाने ती सुपारी घेतली तर भांडणे होत. वाचताना मला आमचे शहाद्याचे आणि दोंडाईचाचे बँडवाले आठवले आणि हसू आले. मग हसू थांबले. मृतांच्या दिवशी मनोऱ्यावर चढून सर्वांत गंभीर संगीत वाजवणारी ही माणसे इतर दिवशी लोकांच्या मुलीबाळींच्या लग्नात वाजवणारीच होती. वाद्ये बहुधा तीच, ओठ तर नक्कीच तेच. त्या पवित्र संगीतासाठी कुणी वेगळे पवित्र बँडवाले आणलेले नव्हते.

तिसरा ब्रुकनर. १८२४ मध्ये ऑस्ट्रियातल्याच एका खेड्यात शाळामास्तरच्या घरी जन्मलेला हा संगीतकार इतका श्रद्धाळू कॅथोलिक होता की त्याची थट्टा होई. जानेवारी १८४७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, आपली धर्ममाता वारल्यावर त्याने तीन ट्रॉम्बोनसाठी दोन छोटे एक्वाले लिहिले. त्या वेळी तो सांक्ट फ्लोरियानच्या मठाच्या शाळेत शिक्षक होता. मी ते ऐकले आहेत. बीथोव्हेनच्या मानाने ते अधिक घरगुती वाटतात, आणि खरे सांगायचे तर मला ते अधिक आवडतात. त्यांत गावच्या दफनभूमीचा वास आहे. हाच ब्रुकनर त्याआधी विंढाग नावाच्या आडगावी १८४१ ते ४३ सहायक मास्तर होता. पगार पुरत नसे म्हणून रात्री गावच्या नाचांत तो फिडल वाजवायला जाई. पुढे १८६८ पर्यंत तो लिंत्सच्या त्याच कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवत होता, जिथे पूर्वी ग्लॉग्ल होते.

आणि त्यासाठी ऑस्ट्रियात तरी कशाला जायचे? गोव्याच्या धर्मग्रामशाळांत मेस्त्रांनी पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले ते चर्चसाठी. त्याच शिदोरीवर गोव्याची माणसे पोलीस बँडांत, संस्थानिकांच्या पदरी, मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. हिंदी चित्रपटगीतांत मागे जो ट्रॉम्बोन ऐकू येतो, त्यांतल्या कित्येक ठिकाणी ब्लास्को मोन्सोरेट यांचा श्वास आहे. रविवारी चर्चमध्ये वाजवायचे आणि सोमवारी स्टुडिओत, यात या मंडळींना कधी अडचण वाटली नाही. अडचण आम्हा नियम पाठ करणाऱ्यांना वाटते. (आज आपल्या कित्येक चर्चमध्ये दफनाच्या मिस्सेला की-बोर्डवरचा तालाचा खटका दाबून स्तोत्रे म्हटली जातात, त्याला मात्र कुणी लौकिक म्हणत नाही. त्या खटक्यापेक्षा पाच माणसांचा श्वास मला केव्हाही पवित्र वाटेल.)

काही काळापूर्वी माझी पुन्हा नंदुरबार जिल्ह्यात बदली झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात मी ब्राह्मणपुरीला निरोप पाठवला: मृतांच्या दिवशी ओसरीत ख्रिस्तयाग होईल, मग आपण दफनभूमीत जाऊ; आणि मास्तर हयात असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगून बोलवा, वाद्यांसह.

मास्तर आले. सत्तरीच्या पुढे गेले आहेत. डीजेच्या गाड्या आल्यापासून पथक मोडल्यासारखेच आहे, असे म्हणाले. पाचांतले ते आणि क्लॅरोनेटवाले असे दोघेच उरले होते. ट्रॉम्बोन बाबांच्या नातवाकडे आला आहे; तो शहाद्याला दुकानात कामाला जातो आणि मास्तरांकडून थोडेथोडे शिकतो. मी मास्तरांसमोर बसून जे पंधरा वर्षांपूर्वी बोलायला हवे होते ते बोललो. त्यांनी मधेच माझा हात धरला आणि म्हणाले, “फादरसाहेब, आमच्या धंद्यात लोक रोज नाही म्हणतात. तुम्ही निदान प्रार्थनेला उभं राहू दिलं.” हे वाक्य मला शिक्षेसारखे लागले, पण त्यांच्या मनात तसे काही नव्हते.

ख्रिस्तयागाआधी मी त्यांना मोबाइलवर बीथोव्हेनचा पहिला एक्वाले ऐकवला. बाबांना जे ऐकवायचे राहून गेले होते ते. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “पुन्हा लावा.” पुन्हा लावला. मग म्हणाले, “चौघंही एकदम श्वास घेतात, ऐकलंत? ते फार अवघड असतं. आणि ताल नाही असं वाटतं, पण आहे. चालायचा ताल आहे. खांद्यावर ओझं घेऊन चालायचा.”

मी त्यांना व्हिएन्नातल्या त्या अंत्ययात्रेविषयी काहीही सांगितलेले नव्हते. इतकी वर्षे मी हे संगीत बसून ऐकत आलो होतो. ते चालत ऐकायचे आहे हे मला कधी सुचले नव्हते.

“लग्नात मात्र नाही चालायचं हे,” क्लॅरोनेटवाले म्हणाले, आणि सारे हसले.

संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्त्या लावल्या. मी कबरींवर पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटल्या. मग मास्तरांकडे पाहिले. नातवाने ट्रॉम्बोन तोंडाला लावला, पण नळी अडकली. बरेच दिवस तेल घातले नव्हते. मास्तर चिडले, वाद्याची काळजी घेता येत नसेल तर हातात धरू नये, असे बरेच काही बोलले. कुणीतरी घरातून खोबरेल आणले. ते दोन बोटांनी चोळून मास्तरांनी नळी चार-पाच वेळा आतबाहेर केली, तेव्हा ती सुटली.

“फादरसाहेब, तीच वाजवू ना?” त्यांनी विचारले. “दुसरी येत नाही आम्हाला.”

“तीच वाजवा,” मी म्हणालो.

तिघांनी ती वाजवली. मुलाचे दोन सूर चुकले, एकदा श्वास तुटला. आजी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना आता कमी ऐकू येते आणि दिसतेही कमी. चाल संपली तशी त्यांनी माझी बाही ओढली.

“फादर, झालं का वाजवून?”

“नाही, आजी, अजून चालू आहे,” मी म्हणालो, आणि मास्तरांना पुन्हा सुरुवात करण्याची खूण केली.